एका पडद्याची कुळकथा

आमच्या शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. घोडनदी म्हटले की इतिहासाच्या वाचकाला आधी आठवते ती इंग्रजांची छावणी. १८१७ साली उभे राहिलेले पूना हॉर्स हे घोडदळ याच छावणीतले. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर इथेच आहे आणि आसपासचे शेतकरी तिला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, असे गॅझेटिअर सांगते. दौंडचा इतिहास निराळा. तिथे घोडी नाहीत, रूळ आहेत. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८५८ च्या सुमारास तिथवर पोचला, १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि भीमेकाठचे ते गाव जंक्शन होऊन बसले. शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. गेल्या वर्षी मात्र या दोन गावांच्या मधून आमच्या घरातला एक तंटाही वाहत होता. हा तंटा संगणकाच्या एका पेटीचा आणि तिच्या पडद्याचा. तो मिटवता मिटवता मला जो इतिहास वाचावा लागला, तो आज वाचकांपुढे मांडतो.

प्रथम घरची हकिकत. थोरल्या लेकीला २०२४ च्या ऑगस्टात पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेला प्रवेश मिळाला. वसतिगृहाचा खर्च झेपण्याजोगा नव्हता. शिरूरहून रोज एसटीने जायचे तर शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत पोरीचे निम्मे आयुष्य जायचे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, दौंडला असते. दाजी रेल्वेत आहेत. अक्काने फोन केला, "पोरगी माझ्याकडं ठेव. सकाळच्या गाडीनं पुण्याला जाईल, संध्याकाळी परत येईल. पास काढून देऊ." झाले. सोमवार ते शनिवार लेक दौंडला आणि रविवार शिरूरला, अशी वाटणी ठरली.

मग निघाला संगणकाचा प्रश्न. लॅपटॉप घेतला असता तर कुठलाच तंटा झाला नसता, हे मलाही कळते. पण लेकीनेच हिशेब मांडला. तेवढ्याच पैशात बसती पेटी लॅपटॉपपेक्षा अधिक काम करते, तापली तरी मंदावत नाही, पडदा मोठा मिळतो. आणि मुख्य म्हणजे ती उघडता येते. आज एक भाग घालावा, दोन वर्षांनी दुसरा. लॅपटॉपमध्ये बहुधा जे आले ते आले. शिवाय कॉलेजात प्रयोगशाळा आहेच, पाठीवर यंत्र वाहून न्यायची गरज नाही. पेटीच घ्यायची तर ती ठेवायची कुठे? दौंडला ठेवली तर अक्काची दोन पोरे तिच्यावर दिवसरात्र खेळणार. शिरूरला ठेवली तर लेकीला ती आठवड्यातून एकदा दिसणार, आणि धाकटा चिरंजीव सहा दिवस खेळणार. म्हणजे अभ्यासाची पेटी कुठेही ठेवली तरी ती खेळाचीच होणार, असे आमच्या मंडळींचे मत पडले. पैशातला मोठा वाटा त्यांच्या भिशीचा होता, तेव्हा त्या मताला वजन होते. भिशीचे पंचेचाळीस हजार आणि माझे वीस मिळून पासष्ट हजार जमले होते. माझ्या विसात एका कादंबरीचे मानधन आले. ते किती होते हे सांगून प्रकाशकाची आणि माझी अब्रू घालवीत नाही. त्यात भर म्हणजे स्वयंपाकघरावरचे पत्रे त्या पावसाळ्यात गळत होते आणि भिशी मुळात त्यासाठीच लावलेली होती.

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलो. एका खाजगी शाळेत लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकवतो. १९९७ साली तंत्रनिकेतनला जायची माझी फार इच्छा होती. ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, कंपासपेटी यांची यादीसुद्धा करून झाली होती. ती यादी वडिलांनी वाचली आणि घडी करून खिशात घातली. पुढे त्या विषयावर आमच्यात कधी बोलणे झाले नाही. त्यामुळे लेकीने जेव्हा पेटीच्या भागांची यादी माझ्या हातात दिली, तेव्हा ती घडी करायला माझा हात धजला नाही. पण खेळांसाठी तिच्या पैशाची नासाडी व्हावी, हेही मनाला पटेना. मग वाचायला बसलो. वाचता वाचता असे दिसले की खेळ आणि अभ्यास हे दोघे या पडद्यावर एकाच सुमारास जन्माला आले आहेत, आणि पुढेही एकमेकांच्या जिवावर वाढले आहेत.

पडदा यंत्राहून जुना आहे. १८९७ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने एक काचेची नळी बनवली. निर्वात नळीत एका टोकाकडून ऋण विद्युत्किरण सोडायचे, चुंबकाने वळवायचे आणि दुसऱ्या टोकाच्या लेपावर आपटवायचे. जिथे आपटतील तिथे ठिपका उजळतो. आपल्या घरातले जुने पोटवाले टीव्ही याच नळीची नातवंडे. पहिली गणकयंत्रे आली तेव्हा त्यांना पडदा असलाच पाहिजे असे कुणाला वाटत नव्हते. उत्तर कागदावर छापून आले की झाले, अशी समजूत होती.

तरी आपल्या मुंबईचे यंत्र या बाबतीत काळाच्या मागे नव्हते, हे वाचून मला अभिमान वाटला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी देशातच एक गणकयंत्र बांधले. ते १९६० मध्ये रीतसर चालू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे सत्तावीसशे निर्वात नळ्या होत्या. स्मृती होती २०४८ शब्दांची, शब्द चाळीस अंकांचा. आणि आकडे नि आलेख दाखवायला त्याला ब्राउनच्या वंशातला एक पडदाही जोडलेला होता! लेकीच्या यादीत स्मृती होती सोळा जीबी. मी कागद घेऊन भागाकार केला. टिफ्रॅकसारखी सुमारे पावणेसतरा लाख यंत्रे रचावीत, तेव्हा तेवढी स्मृती होईल. भागाकार दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

आता खेळाकडे वळू. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत लोकांना पाहायला बोलावण्याचा दिवस होता. विल्यम हिगिनबोथम नावाच्या पदार्थवैज्ञानिकाला वाटले, दरवर्षी लोक तसबिरी आणि आलेख पाहून कंटाळतात. काहीतरी हाताने हलवता येईल असे ठेवावे. त्याने एक लहान यंत्र आणि पाच इंची गोल पडदा घेऊन त्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, एक उभी रेघ म्हणजे जाळी, आणि एक उजळता ठिपका म्हणजे चेंडू. माणसांची रांग लागली. हाच मनुष्य युद्धकाळात अणुबॉम्बच्या विद्युत्मंडलांवर काम करीत होता आणि नंतरचे आयुष्य त्याने अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा म्हणून वेचले. अशा माणसाला चेंडूचा खेळ सुचावा, हे मला फार आवडले. चेंडूचा मार्ग काढायचे गणित तोफगोळ्याच्या मार्गाच्याच जातीचे आहे; तो जाळीला लागला तर कुणी मरत नाही एवढाच फरक.

पुढे १९६२ मध्ये एमआयटी या विख्यात संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र यांनी पीडीपी-१ या यंत्रावर स्पेसवॉर हा खेळ रचला. दोन अवकाशयाने, मध्ये एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण. यंत्राची किंमत एक लाख वीस हजार डॉलर, आणि पोरे त्यावर खेळत होती! आमच्या मंडळींनी तिथे जाऊन काय म्हटले असते, याची कल्पना करवत नाही. पण यंत्र बनवणाऱ्या कंपनीला तो खेळ इतका उपयोगी वाटला की यंत्र धडधाकट आहे की नाही हे पाहायला तिची माणसे तोच चालवून पाहत. यंत्राचा प्रत्येक अवयव कामाला लावणारे दुसरे काही त्यांच्याजवळ नव्हते.

आणि आता लेकीचा अभ्यास. स्पेसवॉरनंतर वर्षभराच्या आतच, १९६३ च्या जानेवारीत, त्याच एमआयटीला आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध सादर केला. त्याने स्केचपॅड नावाची आज्ञावली लिहिली होती. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढायची आणि यंत्राला सांगायचे, ही रेघ त्या रेघेला समांतर कर, हे दोन कोन काटकोन कर. वेडीवाकडी ओढलेली आकृती यंत्र सरळ करून देई. यंत्र शाखेची मुले आज संगणकावर जे आराखडे काढतात, त्या सगळ्या विद्येचे मूळ या प्रबंधात आहे. १९८२ मध्ये निघालेले ऑटोकॅड हे त्याच घराण्यातले. मी ज्या ड्रॉइंग बोर्डासाठी झुरलो, त्याला १९६३ मध्येच, माझ्या जन्माच्याही आधी, वारस मिळालेला होता. मात्र शिरूरपर्यंत ती बातमी यायला फार वर्षे लागली.

हे सगळे मी एका रविवारी दौंडला जाऊन सगळ्यांपुढे वाचून दाखवले. पोरांनी "बघा, मामा आमच्याच बाजूनं बोलतोय" असा अर्थ काढला. पण कान देऊन ऐकले ते आबांनी. आबा म्हणजे दाजींचे वडील. उभे आयुष्य त्यांनी दौंडच्या केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात घालवले. ते म्हणाले, "हे एक आणि शून्याचं तुम्ही मला काय सांगता मास्तर? आमच्या केबिनमध्ये तेच होतं. सांधा लागला नाही तोवर सिग्नलचा लिव्हर ओढायचाच नाही, म्हणजे ओढलाच जायचा नाही. खाली लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या. हा ओढला असेल आणि तो ओढला नसेल तरच तिसरा सुटणार."

मी थक्क झालो. इंटरलॉकिंगची ही युक्ती जॉन सॅक्सबी या इंग्रजाने १८५६ मध्ये स्वामित्वासाठी नोंदवली. 'हे असेल आणि ते नसेल तर' हाच संगणकाच्या बुद्धीचा पाया. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की विजेच्या स्विचांच्या जोडणीतून तर्कशास्त्राची वाक्ये मांडता येतात. हाच शॅनन पुढे सदरलँडचा मार्गदर्शक झाला. तेव्हा त्या पेटीच्या कुळकथेत एक नाते दौंडच्या केबिनशीही जुळते, असे मी म्हटले तर वाचकांनी मला गावाभिमानी म्हणू नये. आबा मात्र लगेच म्हणाले, "फरक एवढाच की आमच्या खोड्यात बोट गेलं की तुटायचं."

आबांना संगणकाचा पहिला अनुभव सुखाचा नव्हता. रेल्वेत यंत्रे येणार म्हणजे माणसे जाणार, ही धास्ती त्यांच्या पिढीने घेतली होती, आणि ती निराधार नव्हती. १९६० च्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कचेरीत यंत्र बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा दिला होता. १९८५-८६ साली दिल्लीला आरक्षण संगणकावर गेले, आणि मग खिडकीपुढच्या रांगेतल्या माणसाचेच मत बदलले. दौंडसारख्या ठिकाणाहून सोलापूरची जागा पाहता येते, हा चमत्कार रांगेतल्या माणसाला पटवून द्यावा लागला नाही.

पुण्याचा भाग यात मोठा आहे. १९८० च्या दशकात हवामानाच्या कामापुरते एक क्रे यंत्र अमेरिकेने दिले, पण त्याहून मोठे द्यायला नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे पहिले प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. त्यांच्या मंडळींनी एकच बलाढ्य यंत्र बांधायचा नाद सोडला आणि अनेक लहान प्रक्रियक जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेतले. नांगराला एक हत्ती जुंपण्याऐवजी बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्यात, तसे. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाले. याच पुण्यात २००७ मध्ये टाटांच्या एका कंपनीने एका हे यंत्र उभारले आणि ते त्या नोव्हेंबरात जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथे आले. संस्कृतातला 'एक' तो एका, असे त्या नावाचे मूळ. मराठी वाचकाला ते क्रियापद वाटून तो कान टवकारतो, तो भाग निराळा.

आणि इथे खेळाचा धागा पुन्हा येऊन मिळतो. पडद्यावर भराभर हलणारे चित्र काढायचे तर लाखो ठिपक्यांचा रंग एकाच क्षणी ठरवावा लागतो. १९९० च्या दशकात मुलांना पडद्यावर खोली असलेली, मागेपुढे फिरता येईल अशी चित्रे हवी झाली, तेव्हा त्यासाठी वेगळी कार्डे निघाली. या कार्डांत एक हुशार प्रक्रियक नसतो, शेकडो साधे असतात आणि ते एकदम काम करतात. म्हणजे पुन्हा बैलांच्या जोड्याच. २००६-०७ च्या सुमारास एनव्हिडिया कंपनीने ही कार्डे चित्रांखेरीज इतर गणितालाही जुंपता येतील अशी सोय केली. २०१२ मध्ये टोरंटोच्या तिघा संशोधकांनी खेळाची दोन कार्डे वापरून यंत्राला चित्रे ओळखायला शिकवले आणि कृत्रिम बुद्धीचे आजचे युग सुरू झाले. सी-डॅकचा परम सिद्धी २०२० मध्ये जगाच्या यादीत त्रेसष्टावा आला, तोही याच जातीच्या प्रक्रियकांवर. जगभरच्या पोरांनी खेळांसाठी आईबापांकडे हट्ट धरून जे पैसे काढले, त्यावर ही विद्या पोसली गेली. हे मी घरात बोलून दाखवले नाही. पोरांच्या हातात असली शस्त्रे द्यायची नसतात.

इतिहास इतका वाचल्यावर बाजारात जायला धीर आला. लेक, मी आणि दाजी असे तिघे पुण्याला गेलो. दुकानदार भला होता, पण त्याला आमच्याकडून कार्डासकट पेटी खपवायची होती. कार्डासह हिशेब अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेला. दाजी माझ्याकडे पाहू लागले, मी छताकडे. छत पाहिल्यावर घरचे पत्रे आठवले. तेव्हा लेकच बोलली. पहिल्या वर्षाला गणित, थोडी आज्ञावली लिहिणे आणि साधी अभियांत्रिकी आकृती एवढेच असते. त्याला कार्ड लागत नाही. रायझन ५ ५६००जी हा प्रक्रियक घ्यावा, त्याच्या पोटातच चित्रे काढायची सोय आहे. शंभर-दोनशे भागांचे मोठे जोडकाम पुढच्या वर्षांत येईल तेव्हा कार्ड घालू. फक्त वीजपुरवठ्याची पेटी आजच साडेपाचशे वॉटची, चांगल्या जातीची घेऊ, म्हणजे उद्या ती बदलावी लागणार नाही. स्मृती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण पोटातला चित्रकार याच स्मृतीतून जेवतो आणि दोन ताटे असली की लवकर जेवतो. साठवणीला एक टीबी एसएसडी. ताटांची उपमा माझी, बाकी सारे तिचे.

पडद्यावर मात्र तिने काटकसर करू दिली नाही, आणि मला वाटते ती बरोबर होती. पेटीचे भाग बदलत जातात. पडदा आठ-दहा वर्षे डोळ्यांपुढे राहतो. दुकानदार सत्तावीस इंची दाखवीत होता, भाव फारसा वेगळा नव्हता. पण त्याचे ठिपके चोवीस इंचीएवढेच होते, १९२० गुणिले १०८०. तेच वीस लाख ठिपके मोठ्या काचेवर पसरले की एकेक ठिपका मोठा होतो आणि आराखड्यातल्या बारीक रेघा व अक्षरे भरभरीत दिसतात. सत्तावीस घ्यायचा तर २५६० गुणिले १४४० चा घ्यावा. तो आमच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून चोवीस इंची, आयपीएस जातीचा घेतला. त्याचे रंग बाजूने पाहिले तरी फिके पडत नाहीत. एकीच्या मागे तीन पोरे उभी राहून पाहणार असतील तर हा गुण मोठाच. सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा होता. १९८१ मध्ये आयबीएमची घरगुती पेटी निघाली, तिच्या रंगीत पडद्यावर चार रंगांचे चौसष्ट हजार ठिपके होते आणि लोकांनी त्याचेही कौतुक केले होते.

आमच्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २००४ पासून एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे आणि तिथे मॉनिटरही तयार होतात. महागणपतीच्या गावचा पडदा घ्यावा, असे माझ्या मनात फार होते. लेक म्हणाली, "बाबा, गाव बघून पडदा घ्यायचा नसतो, पडदा बघून पडदा घ्यायचा." शेवटी कोणाचा घेतला ते सांगत नाही, दिवाळी अंकात जाहिरातींना पाने वेगळी असतात.

यूपीएस मात्र मी हट्टाने घ्यायला लावला. लोडशेडिंगच्या काळात माझ्या एका कादंबरीचा अख्खा अध्याय वीज गेल्याने नाहीसा झाला होता. तो मी पुन्हा लिहिला, पण पहिल्यासारखा साधला नाही. यूपीएसवर पेटी दहा-पंधरा मिनिटे तग धरते. तेवढ्यात काम साठवून यंत्र बंद करता येते. सगळे मिळून बावन्न हजार झाले. उरलेल्या तेरा हजारांत स्वयंपाकघराचे पत्रे बदलले. मंडळींनी त्या दिवशी प्रथमच संगणकाबद्दल चांगला शब्द काढला.

पेटी दौंडला गेली. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी मी मुद्दाम तिथे होतो. शाळेत दरवर्षी मी पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतो, ती तिथेही काढली आणि पाटी पडद्याला टेकवून ठेवली. "यात शून्य कुठं आहे?" असे धाकट्या भाच्याने विचारले. मी म्हटले, जिथे एक नाही तिथे सगळे शून्यच आहे. त्याचे समाधान झाले. माझे अजून झालेले नाही.

खेळाचा प्रश्न आबांनी सोडवला. त्यांनी जुन्या कामाच्या सवयीने एक वेळापत्रक लिहून पेटीच्या वर भिंतीला चिकटवले. पेटी बैठकीच्या खोलीत ठेवायची, आतल्या खोलीत नाही. लेकीचा अभ्यास म्हणजे मेल, खेळ म्हणजे मालगाडी. मेल येणार असेल तर मालगाडीने लूपमध्ये थांबायचे, मग मालगाडी कितीही वेळची खोळंबलेली असो. रात्री साडेनऊनंतर ब्लॉक, कुठलीच गाडी नाही. रविवारी मेल शिरूरला गेलेली असते, तेव्हा दिवसभर माल सुटतो. पोरांनी कुरकुर केली, पण 'लूप' या शब्दाची त्यांना इतकी मजा वाटली की नियम पाळले गेले. थोरला तर दारातूनच ओरडतो, "ताई, सिग्नल दे!"

एकदा मी गेलो तेव्हा पाहिले, तीनही पोरे राजी नावाचा खेळ खेळत होती. हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी बनवून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. राजी ही एक मुलगी. तिचा लहान भाऊ राक्षसांनी नेला आहे आणि ती त्याच्या शोधात हत्यार घेऊन निघाली आहे. चित्रे अशी देखणी की मी उभ्याउभ्या अर्धा तास पाहत राहिलो. कार्ड नसल्यामुळे चित्राची सफाई कमी ठेवावी लागत होती, हे मला पोरांनी तीनदा सांगितले. लेक खेळत होती आणि दोन्ही भाऊ तिला डावे-उजवे सांगत होते. अक्का पोळ्या करता करता विचारत होती, "सापडला का गं भाऊ?"

एक तक्रार मात्र माझी राहिलीच. पेटी दौंडला गेल्यापासून लेक रविवारी येते ती परत जायच्या घाईने येते. "बाबा, आराखडा अर्धा आहे." मी म्हणतो, जा. न्हावऱ्याच्या बाजूची एसटी पकडून देतो आणि घरी येऊन वहीत हाताने लिहीत बसतो. माझ्या लिखाणाला हाती पेन आणि अडीअडचणीला फोन पुरतो.

आता तिचे दुसरे वर्ष चालू आहे. मोठे जोडकाम फिरवताना पडदा अडखळतो, असे तिने दिवाळीपूर्वी कळवले. म्हणजे कार्डाची वेळ आली. मी मंडळींकडे पाहिले, मंडळी नव्या पत्र्यांकडे. तेवढ्यात दाजींचा फोन आला. रेल्वेचा अठ्ठ्याहत्तर दिवसांचा बोनस झाला होता. "निम्मं कार्ड आमचं," ते म्हणाले, "पोरांनी हट्ट धरलाय म्हणून नाही. आबा म्हणतात मेल लेट होतीय." निम्मे त्यांचे आणि निम्मे आमचे असे आठ जीबीचे कार्ड धनत्रयोदशीला आणले. पेटीचे झाकण लेकीने स्वतः उघडले. आत डोकावलो तर कार्डाची जागा वर्षभर मोकळी पडून होती, धूळ तेवढी बसलेली. आबांनी बॅटरी धरली. कार्ड खाचेत बसताना खट् असा आवाज झाला. आबा म्हणाले, "बसला. आता सिग्नल ओढ."